दोन चुलींचा अर्ज

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या थोरल्या वहिनीचे. आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो. वडील त्याआधीच गेलेले. थोरल्या भावाचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि त्या नव्या नवरीच्या पदरात एक नाक वाहणारा दीर पडला. आमच्याकडे वहिनी दिराला नावानं हाक मारत नाही, मग दीर केवढाही असो. तिनं मला पहिल्या दिवसापासून 'भावजी' म्हटलं आणि 'तुमी' म्हटलं. "भावजी, नाक पुसा." "भावजी, चड्डी उलटी घातलीत तुमी." मी तिला 'वैनी' आणि 'तू'. गावातल्या बाया हसायच्या.

आमचं गाव पाटोद्याजवळचं, सगळं कोरडवाहू. मी पाटोद्याच्या शाळेतून दहावी पास झालो तेव्हा भावकी आमच्या ओसरीवर येऊन बसली. पोरगं कळतं झालं, आता वाटणी करून टाका, त्याचं तो बघेल, असं त्यांचं म्हणणं. भावाला ते पटलं होतं. तो वाईट नव्हता, एकटा राबून थकला होता. वाटणी झाली असती तर माझ्या वाट्याला माळाचा एक तुकडा आला असता आणि मी आज तोच नांगरत असतो. वहिनी आत भाकरी थापत होती. ती उठली नाही. तिथूनच म्हणाली, "भावजींचं शिक्षण होईस्तवर ह्या घरात चूल एकच राहील. ज्याला दुसरी मांडायची हाय त्यानं आधी मला तिच्यात घालावं."

भावकीतला एक म्हातारा भावाला म्हणाला, "बायको लई तिखट हाय बे तुझी." सगळे हसले आणि चहा पिऊन गेले. वाटणी राहिली ती राहिलीच.

आमच्या भागात घर मोजतात ते चुलीवर. लग्नाचं आवतन 'चूलबंद' आलं म्हणजे घरातल्या एकूण एक माणसानं जेवायला जायचं, त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही. भाऊ-भाऊ वेगळे झाले असं कुणी म्हणत नाही, चूल वेगळी झाली म्हणतात. हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बीडला कॉलेजात होतो ती तीन वर्षं माझं जेवण त्याच चुलीवरून यायचं, सकाळच्या एसटीत कंडक्टरच्या सीटखाली ठेवलेल्या डब्यात. बाजरीची भाकरी बीडला पोचेपर्यंत वाळून जायची, पण ती घरची होती. मी बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आणि इतकं सगळं त्या चुलीमुळं झालेलं असताना मीच पुढं चूल या शब्दाचा अर्थ विसरलो. तेच इथं सांगायचं आहे.

नोकरी मला माजलगावात लागली, एका सहकारी संस्थेत कारकुनाची. कर्मचाऱ्यांनी मिळून गृहनिर्माण सोसायटी काढली होती, गावाबाहेर. तिच्यात मला दोन खोल्यांचं घर मिळालं. बायको गेवराईकडची, शिकलेली, समजूतदार. दोन मुली झाल्या. गावाकडं भाऊ गेला आणि वहिनी एकटी उरली. तिला मूलबाळ नव्हतं. एक गाय, दोन म्हशी, आणि गावच्या दूध संस्थेला सकाळ-संध्याकाळ दूध घालणं, एवढाच तिचा दिवस. मी दर दिवाळीला म्हणायचो, "वैनी, आता चल माझ्याकडं." ती म्हणायची, "झोपू कुठं? तुमच्या डोक्यावर?"

ते खरं होतं. दोन खोल्यांत आम्ही चौघं कसेबसे मावत होतो. म्हणून मी ठरवलं, एक खोली वाढवायची. वहिनीची खोली. तिनं मला वाढवलं, मी तिला एक खोली देऊ शकत नाही का? हा माझा विचार होता आणि तो चांगला होता, एवढं मी आजही म्हणतो.

तेव्हा पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. माजलगाव म्हणजे धरणाचं गाव. सिंदफणेवरचं एवढं मोठं धरण, आणि त्याच्या पोटात गाळाला भेगा पडलेल्या. ऊस वाळला, कारखान्यांची धुराडी थंड. सोसायटीच्या बोअरमधून नुसती हवा यायची. मी गवंड्याला बोलावलं. त्यानं मागच्या अंगणात पावलं टाकून जागा मोजली, मग खाली बसून तंबाखू मळली.

"खोली बांधतो सायेब. पण तिला पाणी कोण पाजणार? स्लॅबला एकवीस दिवस पाणी मारावं लागतं. हितं माणसाला मिळंना, अन् मी भिंतीला पाजू?"

"थोडं थोडं मारलं तर?"

"मंग थोडी थोडी खोली बांधा."

ऑफिसातल्या एकानं मला एक रंगीत माहितीपत्रक आणून दिलं. संभाजीनगरकडच्या एका कारखान्यात तयार खोल्या मिळतात, भिंती तिथंच बनतात, ट्रकमध्ये घालून आणतात आणि नट-बोल्टनं जोडतात. पाण्याचा थेंब लागत नाही. त्यांचा माणूस मापं घ्यायला आला, टाय बांधलेला, घामानं भिजलेला. तो म्हणाला, "सर, ही मल्टीपर्पज रूम आहे. दिवसा हॉल, रात्री बेडरूम. परीक्षेच्या दिवसात अभ्यासिका, सणाला देवघर. पलंग भिंतीत जातो, टेबल भिंतीत जातं. मधे सरकता पडदा. जशी गरज तशी खोली." चित्रात एक गोरं कुटुंब अशाच खोलीत हसत बसलं होतं. पानं उलटताना मीही मनातल्या मनात हसत होतो. "पॅन्ट्री लावायची का?" त्यानं विचारलं. म्हणजे एका कोपऱ्यात छोटा ओटा, वर शेगडीची जागा, खाली कपाट. मी नको म्हणालो. घरात स्वयंपाकघर असताना दुसरा ओटा कशाला?

त्याच आठवड्यात सोसायटीनं टँकरच्या पाण्याचा नियम केला. दर तिसऱ्या दिवशी टँकर येणार आणि चुलीमागं दोन ड्रम मिळणार. चेअरमन कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते, शिस्तीचे. सभेत कुणीतरी म्हणालं, घरात माणसं किती ते बघून द्या. चेअरमन म्हणाले, "माणसं मोजली की पाहुणे निघतात. चूल लपत न्हाई. चूल मोजायची."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती चौघांचे कपडे दोन बादल्यांत धूत होती. म्हणाली, "म्हणजे जाऊबाई आल्या तरी दोनच ड्रम?"

"दोनच."

"मग कसं हो भागायचं? त्यांना अंघोळीला नाही म्हणू का मी?"

टँकर आला की सोसायटीचा एक माणूस ड्रममध्ये पाइप धरायचा. त्याला सगळ्यांच्या घरातलं सगळं माहीत. दुसऱ्या दिवशी पाइप धरल्या धरल्या तो मला म्हणाला, "सायेब, येवढे शिकलेले तुमी. नवी खोली व्हायलीच हाय तर तिच्यात वटा मांडा, एक शेगडी ठिवा. भाईरून दार करा. चूल दोन, ड्रम चार. अर्ज द्या नुसता."

मला त्यात वाईट काही दिसलं नाही. खरं सांगायचं तर मला माझं कौतुक वाटलं. मी कारखान्याला फोन केला आणि ओटा लावा म्हणालो. मग माझ्या चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला. 'सदर खोलीत माझी भावजय स्वतंत्र चूल मांडून राहणार आहे, तरी तिचा पाण्याचा हिस्सा मंजूर व्हावा.' खाली माझी सही. ज्या बाईनं माझ्यासाठी चूल एक ठेवली तिचीच चूल मी कागदावर वेगळी केली, आणि लिहिताना माझा हात कुठंही अडला नाही. बी.कॉम.ला अर्ज लिहायला शिकवतात, आपण काय लिहितो आहोत ते शिकवत नाहीत.

ट्रक आला. कॉलनीतली सगळी माणसं बघायला जमली. सिमेंटच्या ठोकळ्यांवर लोखंडी चौकट बसवली, तिच्यावर पांढऱ्या पत्र्याच्या भिंती, दोन पत्र्यांच्या मधे फोम. दोन फिटर, दोन दिवस. शेजारचे म्हणाले, "काय सायेब, बर्फाचा कारखाना काढला का?" दुसरे म्हणाले, "न्हाई बे, बँकेचं एटीएम हाय. रात्री पैसे काढायला येऊ." मुली पलंग भिंतीतून काढत होत्या, परत आत घालत होत्या. आमच्या मागच्या दाराला खोली जोडून घेतली होती, म्हणजे घरातून आत जाता येत होतं, आणि अर्जासाठी अंगणाकडून दुसरं दार. संध्याकाळी फिटर गेले तेव्हा मी बराच वेळ त्या खोलीत एकटा उभा होतो. नव्या रबराचा वास येत होता. मला वाटलं, आता फेडलं.

वहिनी तेव्हा चारा छावणीत होती. गावात वैरणीची काडी नव्हती, म्हणून गावोगावची माणसं जनावरं घेऊन रस्त्याकडेच्या छावणीत राहत होती, जुन्या साड्या आणि बारदानाच्या सावल्या करून. तिनंही तिथं चुलीचे तीन दगड मांडले होते. मला बघून उठली, पदरानं बाजूचा एक दगड पुसला, बसायला दिला.

"वैनी, खोली झाली. तुझी खोली. आता चल."

"अन् ह्या तिघी?" तिनं गाय-म्हशींकडं हात केला.

भावकीतला एकजण जनावरं सांभाळायला तयार झाला. "वैनी, जा. दुष्काळ हाय तवर सायबाच्या घरी पंखा खा," तो म्हणाला. ती हसली आणि आली.

घरात आल्यावर तिनं आधी भिंतीवर बोटं वाजवली. "आत पोकळ हाय की हो."

"फोम आहे. उन्हाला."

"खिळा मारता येतो का? देव टांगायचा हाय."

"मारता येत नाही. चिकटवता येतो."

"देव चिकटवायचा?" ती एवढी हसली की मुलीही हसायला लागल्या. मग पलंग बघितला. "भिंतीतनं बाज निघती. उद्या माणूस निघंल." शेवटी तिची नजर कोपऱ्यातल्या ओट्यावर गेली. शेगडी नवी होती, कागदही काढलेला नव्हता. "ह्ये कावून?"

तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "असू दे. कधी मन झालं तर चहा करायला."

पहिले काही दिवस फार चांगले गेले. ती आमच्या स्वयंपाकघरात बायकोबरोबर भाकरी करायची, मुलींना भाकरी फुगवायला शिकवायची. बायको म्हणाली, "जाऊबाई आल्यापासून मुली जेवायला लागल्या." त्या पोकळ खोलीत उकडायचं, पण ती कधी बोलली नाही. मी ऑफिसातून यायचो तेव्हा मधलं दार उघडं असायचं आणि इकडून तिकडं बोलणं चालू असायचं. त्या दिवसांची आठवण मला नको वाटते, इतके ते चांगले होते.

अर्जाची पाहणी करायला समिती रविवारी सकाळी येणार, असा निरोप आदल्या दिवशी आला. पाइपवाल्या माणसानं बजावलं, "मधलं दार तेवढं लावून घ्या सायेब. न्हाईतर चेअरमन म्हनंल, ही एकच चूल." मी आमच्या बाजूनं कडी घातली. वहिनीला काही सांगितलं नाही. सांगू कसं, हेच सुचत नव्हतं. आणि मनात असंही होतं की ती खेड्यातली बाई, तिला कागदाचं काय कळणार. हे वाक्य लिहायला मला लाज वाटते, पण ते माझ्या मनात आलं होतं.

चेअरमन आले, बरोबर फाईल घेतलेले सेक्रेटरी आणि पाइपवाला. मी अंगणात उभा. वहिनी तिच्या दारात गहू निवडत बसली होती. चेअरमननी आत डोकावून ओटा बघितला, शेगडी बघितली.

"मावशी, तुमी ह्यांच्या कोण?"

"भावजय."

"मंग चूल एकातच हाय का येगळी?"

तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी बघितलं सेक्रेटरींच्या हातातल्या कागदाकडं. त्यावर माझं अक्षर होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण माझं अक्षर ती ओळखायची; माझ्या वह्या तिनंच तर इतकी वर्षं फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. सगळं तिला एका क्षणात कळलं. मधलं दार का बंद आहे तेही.

"येगळी हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"आजपासून."

सेक्रेटरी हसले. "आजपासून काय मावशी, चालू महिन्यापासून लिहितो." पाइपवाल्यानं खडूनं आमच्या भिंतीवर '२' काढलं आणि मंडळी पुढच्या घराकडं गेली. बायकोनं आतून कडी काढली. मला सुटल्यासारखं वाटत होतं. मी म्हणालो, "झालं वैनी. चल, जेवायला बस."

"तुमी बसा," ती म्हणाली. "माझं व्हायचंय अजून."

तिनं बायकोकडून दोन वाट्या पीठ मागून घेतलं, उसनं म्हणून. शेगडीवरचा कागद काढला आणि त्या ओट्यावर एकटीची भाकरी केली. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"वैनी, ते नुसतं कागदापुरतं होतं. पाण्यासाठी."

"कागद तुमचा हाय भावजी. तोंड माझं हाय."

"अगं, पण..."

"चार माणसांत बोलले मी. भावकीत मी कधी खोटं बोलले न्हाई, हितंबी बोलायची न्हाई. आता येगळी म्हणलं तर येगळी. जावा, तुमचं ताट निवायलंय."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी पाय धरले असते. मुलींशी ती तशीच बोलायची, बायकोला लसूण सोलून द्यायची. पण त्या दिवसापासून तिनं आमच्या घरचं अन्न खाल्लं नाही आणि मधल्या दारातून पाऊल टाकलं नाही. घरात यायचं तर अंगणातून वळसा घालून, बाहेरून हाक मारून. टँकर आला की तिच्या नावचे दोन ड्रम भरले जायचे. त्यातलं ती एक घागर घ्यायची आणि बाकीचं आमच्या बादल्यांत ओतायची. "माझं भागलं. ह्ये तुमाला."

एकदा बायकोनं भाजी केली, वाटीत घालून थोरल्या मुलीच्या हातून पाठवली. वहिनीनं ती घेतली. थोड्या वेळानं वाटी धुऊन परत आली आणि तिच्यात चिमूटभर साखर होती. आमच्याकडं शेजारणीची वाटी रिकामी परत देत नाहीत. घरातल्या घरात कुणी वाटीत साखर घालत नाही. बायको ती वाटी हातात धरून ओट्याशी उभी राहिली आणि रडायला लागली. म्हणाली, "अहो, तुम्ही मला का नाही सांगितलं की अर्जात काय लिहिलं? मी ड्रमांचं बोलले होते. वेगळं काढा म्हणाले नव्हते."

पाहणीनंतर नवव्या दिवशी वहिनीनं गाठोडं बांधलं. "जनावरं वाट बघायलीत," म्हणाली. स्टँडवर एसटीत बसल्यावर खिडकीतून मला म्हणाली, "खोली चांगली हाय भावजी. हवा लागत न्हाई तेवढी." मी हसण्याचा प्रयत्न केला. बस पाटोद्याच्या रस्त्याला लागली आणि ती त्या छावणीत परत गेली, उघड्यावर, तीन दगडांवर.

माहितीपत्रकात लिहिलं होतं तशी खोली मग खरोखर सगळ्या कामाला आली. मुलींचा अभ्यास तिथं, बायकोची शिवणाची मशीन तिथं, पाहुणे आले की पलंग भिंतीतून बाहेर. सोसायटीची एक सभासुद्धा तिथं झाली, आणि चेअरमन म्हणाले, "वा, जशी गरज तशी खोली." एवढंच की ती कुणाचीच खोली नव्हती. भिंतीवरचा '२' पुसला गेला नाही आणि चार ड्रम येत राहिले. इथं मी काही लपवत नाही. ते पाणी मी दोन महिने घेतलं. वहिनी गेलेली, शेगडी बंद, आणि तिच्या चुलीचं पाणी आम्ही अंगावर घेत होतो. मुलींना पोटभर अंघोळ मिळते, असं मी स्वतःला सांगायचो.

भावकीतल्या माणसाच्या मोबाईलवर मी फोन करायचो. ती यायची. "हाय, बरी हाय. पोरी बऱ्या हायत? ठिवते." एवढंच. फोनवर मला माफी मागता येईना. एके सकाळी टँकर आला, पाइपवाला म्हणाला, "मावशी दिसंनात, पण मावशीची चूल लई चांगली चालायली सायेब," आणि डोळा मारला. त्याच दिवशी मी चेअरमनच्या घरी गेलो आणि अर्ज मागं घेतो म्हणालो.

"कावून? लोक चूल वाढवायला मरायलेत, अन् तुमी कमी करायलात?"

"चूल वेगळी नव्हतीच. मी खोटं लिहिलं होतं."

"शिकलेला माणूस तुमी," चेअरमन म्हणाले. तो शब्द मी आयुष्यभर कौतुकानं ऐकला होता, त्या दिवशी शिवीसारखा ऐकला. समितीनं फळ्यावर माझं नाव लावलं आणि उन्हाळा संपेपर्यंत आम्हाला एकच ड्रम दिला. कॉलनीत मला 'दीड चुलीचे सायेब' म्हणायला लागले. बायकोनं एका ड्रममध्ये घर चालवलं.

मग मी वहिनीला पत्र लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. गावच्या दूध संस्थेचा मापारी छावणीत दूध न्यायला यायचा, आणि लोकांचे कागद तोच वाचून दाखवायचा, चार माणसांच्या देखत. मी ते जाणून लिहिलं. ती चार माणसांत बोलली होती, मीही चार माणसांतच बोलायला हवं होतं.

त्याचा काय उपयोग झाला ते सांगून टाकतो. लिहिल्याप्रमाणं मी छावणीत गेलो. तिनं मला जेवायला वाढलं. आधी पानात गूळ वाढला, पाहुण्याला वाढतात तसा, मग भाकरी, मग आग्रह: "घ्या की, लाजू नका." दीर घरात जेवायला बसला की वहिनी त्याला असं म्हणत नाही. पुढं पाऊस झाला, ती गावात परतली, दूध घालायला लागली. मी वर्षातून तीन-चारदा जातो. ती नेहमी आनंदानं वाढते, आणि नेहमी आधी गूळ वाढते. माजलगावला ती परत आली नाही. पत्र तिनं मापाऱ्याकडून दोनदा वाचून घेतलं, असं मला नंतर कळलं. काय म्हणाली, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पत्राची एक प्रत मी ठेवली होती, ती अशी:

"वैनी, हे पत्र जो वाचील त्यानं मोठ्यानं वाचावं, मधलं काही गाळू नये, आणि आजूबाजूला माणसं असतील तर असू द्यावीत.

मी सोसायटीला लिहून दिलं होतं की तुझी चूल वेगळी आहे. तुला न विचारता लिहिलं. पाण्याचे दोन ड्रम जास्त मिळावेत म्हणून लिहिलं. समितीनं विचारलं तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं, ते मी उघडलं नाही. तू माझी लाज राखायला 'वेगळी' म्हणालीस. खोटं माझं होतं आणि ते खरं करायला तुला घर सोडावं लागलं.

तू गेल्यावरही तुझ्या नावचं पाणी मी दोन महिने घेतलं. तेही तुला कळावं म्हणून लिहितो. आता मी तो अर्ज मागं घेतला आहे. चेअरमनला सांगितलं की चूल एकच आहे. फळ्यावर माझं नाव लागलं ते बरोबरच लागलं. तुझ्या जावेनं यातलं काही केलेलं नाही, तिला अर्जात काय होतं ते ठाऊक नव्हतं. तिच्यावर राग धरू नकोस. तिनं मला हे लिहायला सांगितलं म्हणून नाही, खरं आहे म्हणून लिहितो.

शेगडी मी काढली आहे. ओटा काढता येत नाही. तो कारखान्यातच भिंतीला जोडून आलाय, काढला तर पत्रा फाटतो. मी दोघा-तिघांना विचारून बघितलं. मधल्या दाराची कडी मात्र उपटून काढली, आता ते लागत नाही. वारा आला की आपटतं. मुली म्हणतात काहीतरी अडकवा, पण मी अडकवणार नाही.

तू परत ये असं मी म्हणत नाही. तसं म्हणायचा हक्क आहे का, ते मला माहीत नाही. चार माणसांत तू बोललीस ते तुला मोडायला सांगणं मला जमणार नाही. मी चार माणसांपुढं लिहून दिलं ते मात्र खोटं होतं, आणि ते मी इथं मोडतो. एवढं मापाऱ्यानं परत एकदा वाचावं.

म्हशींना सरकीची ढेप पाठवली आहे, भावकीतल्याकडं दिली आहे. धाकटी तुझी फार आठवण काढते, तिला भाकरी अजून फुगवता येत नाही.

येत्या रविवारी दुपारी मी छावणीत येतो. जेवून येणार नाही."